बारा व्होल्टच्या बोर्डावर सोळा व्होल्टचा कंडेन्सर

सोलापूर
दि. 24 जानेवारी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष एसी-डीसी बोर्डाचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

'12 व्होल्ट एसी ते 12 व्होल्ट डीसी, 1 अँपिअर, ऑडिओसाठी खास' असं छापलेला तुमचा बोर्ड मला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी आठ दिवस मिळाला. आमच्या भजनी मंडळाच्या मिक्सरचा अडॅप्टर जळाला होता. घरात 12 व्होल्ट 2 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पडून होता, म्हणून नुसता बोर्ड मागवला.

पहिल्याच भजनाला स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. पेटीवाले काका म्हणाले, "मशीननं खर्जात पांढरी पाच धरलीय की!" त्यांचा कान पक्का आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधून लहर निघते 100 ची, आणि 100 म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, किंचित वर.

तुमच्याकडे फोन केला, तर उत्तर मिळालं, "अर्थिंग तपासा." तपासलं, ठीक होतं. दुसऱ्यांदा फोन केला, तर "ट्रान्सफॉर्मर आमचाच घ्या." मग मीच बोर्ड उलटापालटा करून पाहिला. ब्रिजनंतर लहर सपाट करणारा एकच कंडेन्सर, 1000 मायक्रोफॅरड, 16 व्होल्ट. आमचा मिक्सर अर्धा अँपिअर ओढतो. एवढ्या लोडला 1000 चा कंडेन्सर दर लहरीत चार-पाच व्होल्ट खाली येतो. पुढच्या 7812 ला, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला, 12 द्यायचे तर आत किमान 14 लागतात. ते मिळत नाहीत, म्हणून रेग्युलेटर असूनही हमिंग थेट बाहेर. छापलेला 1 अँपिअर ओढला असता तर काय झालं असतं, ते तुम्हीच मोजा.

याहून वाईट पुढेच आहे. आमच्या घरामागे यंत्रमाग आहेत. रात्री ते थांबले की व्होल्टेज चढतं, आणि भजन तर रात्रीच. मिक्सर बंद ठेवून मल्टिमीटर लावला : ट्रान्सफॉर्मरवर 13.8 एसी, कंडेन्सरवर 18.1 डीसी. एसीचा आकडा 1.414 ने गुणायचा आणि ब्रिजचे साधारण 1.4 वजा करायचे, हे आयटीआयच्या पोराला येतं. 18 व्होल्टवर जास्तीत जास्त 16 सोसणारा कंडेन्सर किती दिवस टिकणार? सहाव्या दिवशी त्याचं डोकं फुगलं आणि तळाशी चिकट पाणी आलं. त्या रात्री मृदंगाला माइकविना, नुसत्या हाताच्या जोरावर साथ करावी लागली.

शेवटी इथल्याच दुकानातून 4700 मायक्रोफॅरड, 35 व्होल्टचा कंडेन्सर आणून डकवला. बाकी सगळं तेच. अर्थिंग तेच, ट्रान्सफॉर्मर तोच, वायरी त्याच. घूं गेली. म्हणजे दोष कुठे होता, यावर आता वाद नको.

बोर्डाची किंमत आणि टपालखर्च 15 दिवसांत परत करावा, आणि कंडेन्सर बदलेपर्यंत त्या बोर्डावरचं 'ऑडिओसाठी खास' काढून टाकावं. तसं न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन. पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ती तक्रार मला सोलापुरातूनच करता येते, तुमच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

फुगलेला कंडेन्सर डबीत जपून ठेवलाय. पाहायचा असल्यास टपालखर्च तुमचा.

आपला,
एक ग्राहक
(नाव-पत्ता तुमच्याकडच्या ऑर्डरवर आहे)