बाबांची दाढ आणि तो वास

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "बरंय, बरंय" करून विषय मोडतात, म्हणून लिहून पाठवतेय. आई, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस.

बाबा, आईने तुमच्या तोंडाच्या वासाचं मला सांगितलं ती चुगली नव्हे. स्वतःच्या तोंडाचा वास माणसाला कळत नाही, नाकाला त्याची सवय होऊन जाते. तो घरच्यांनीच सांगायचा असतो. आणि तिने सांगितलं नसतं तरी परवा व्हिडिओ कॉलवर मला दिसतच होतं. बोलताना पंचा सारखा तोंडाशी, आणि भाकरीचा घास उजव्याच बाजूला.

सकाळी उठल्यावर वास सगळ्यांच्याच तोंडाला येतो. झोपेत लाळ कमी सुटते, जिभेवरच्या जंतूंना रान मोकळं मिळतं. दात घासले, जीभ खरवडली, चार घास पोटात गेले की तो जातो. लसणाच्या चटणीचा वास तर रक्तातून फुप्फुसांत जाऊन श्वासावाटे येतो, त्याला दातांचा डॉक्टर तरी काय करणार! पण तुमचा वास घासूनही जात नाही. मधूनच तोंडात खारट, घाण चव येते असं तुम्हीच आईला म्हणालात. डाव्या खालच्या दाढेजवळ हिरडीवर पुळी आहे, ती फुटते आणि पुन्हा भरते. आमच्या ऑफिसच्या खाली दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एक्स-रे काढल्याशिवाय पक्कं सांगत नाही, पण हे मुळाशी गळू झाल्याचं लक्षण आहे आणि चव येते ती पुवाची. बडीशेप आणि लवंग चघळून तो वास झाकतोय फक्त.

आता तुम्ही म्हणाल, ठणका तर थांबला. तीच तर गोम आहे. कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत गेली की रात्ररात्र ठणकतं. मग ती शीर मरते आणि दुखणं बंद होतं, आणि श्रेय मिळतं मेडिकलवाल्याच्या गोळीला. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी हाडात तसेच. पुळीतून पू बाहेर येतोय तोवर आत दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. ती वाट बुजली की एका रात्रीत गाल सुजू शकतो. मेलेल्या दातात रक्त खेळत नाही, तिथे पोटातून घेतलेली अँटिबायोटिक पोचणार कशी? त्यामुळे मागची उरलेली कॅप्सूल शोधू नका. उपाय दोनच, रूट कॅनल करायचं नाहीतर दाढ काढायची. कुठलं ते डॉक्टर ठरवतील.

शिवाय तुमची शुगर. उपाशीपोटीची वाढली म्हणून तुम्ही आंब्याला बोल लावताय, पण तोंडात पू असला तरी शुगर चढते, आणि शुगर चढली की जंतूंचं फावतं. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. (पिकल्या फळासारखा गोडसर वास, सोबत उलट्या आणि धाप, हे मात्र दातांचं नव्हे, ते शुगरचं. तसं झालं तर सरळ दवाखान्यात भरती व्हायचं.)

आई, हे तुझ्यासाठी, आणि हे नीट लक्षात ठेव. गालाची सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरली, तोंडात दोन बोटं उभी मावतील एवढाही जबडा उघडेना, गिळता येईना, लाळ बाहेर गळायला लागली, आवाज घोगरा झाला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. दाताच्या क्लिनिकलाही जायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं. १०८ ला फोन कर. खालच्या मागच्या दाढांची मुळं खोल असतात, तिथला पू जिभेखाली आणि गळ्यात उतरून श्वास कोंडू शकतो. अँटिबायोटिक नव्हती त्या काळात या दुखण्याचे निम्म्याहून जास्त रोगी दगावत. वरच्या दाढेची सूज डोळ्याकडे चढली तरी तेवढीच घाई करायची. आणि सुजेवर गरम मिठाचा शेक देऊ नकोस, हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू देऊ नकोस. त्याने हिरडी भाजते.

एवढं झालेलं नाही अजून, म्हणूनच आत्ता जायचं.

तुझंही एकदा दाखवून घे. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवत जा, ती घालून झोपतेस म्हणून टाळू लाल होते. ॲलर्जीच्या गोळीने तोंड कोरडं पडतं, त्यानेही वास येतो. मिश्रीबद्दल आज भांडत नाही, पण गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर मला न विचारता दाखवायचं. हाडांसाठी आठवड्याला एक गोळी घेतेस ती डॉक्टरांना आवर्जून सांग. ती चालू असताना दात काढला तर कधी कधी जबड्याचं हाड भरून येत नाही.

बाबा, रक्त पातळ होण्याची गोळी मनाने बंद करायची नाही. ती चालू आहे एवढं डॉक्टरांना सांगायचं, पुढचं ते बघतील. उपाशीही जायचं नाही. नाश्ता करून, शुगरची गोळी घेऊन सकाळचीच वेळ घ्या.

मंगळवारी बाजार म्हणून तुम्ही टाळणार, तेव्हा बुधवार धरा. दादाला सांगितलंय, तो गाडी काढून कराडला कृष्णा विद्यापीठाच्या डेंटल कॉलेजला नेईल. तिथे एक्स-रे आणि दाढेचं सगळं एकाच ठिकाणी होतं. गोळ्यांची पाकिटं आणि शुगरचे रिपोर्ट पिशवीत घाला, नावं आठवत बसू नका. पैशांचं मी दादाकडे दिलंय, त्यावरून वाद नको.

काम झालं की एक्स-रेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.

तुमची,
धाकटी