हिवाळी प्रवासाला निघण्याआधी आभार

नाव न सांगता मदत करून गेलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. नोकरी जाणार हे नक्की झालं आणि हिवाळा मोटरहोममध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, एकटीनं काढायचं ठरलं, तेव्हा धीर देणारे पुष्कळ भेटले. कामाला हात लावणारे तुम्ही होतात.

एका काकांनी गाडीखाली झोपून पाण्याचा एकेक पाइप तपासला. जिथे वारा थेट लागतो तिथे फोम गुंडाळला, सांध्यांवर दोनदा. पैशांचा विषयही काढू दिला नाही. गॅसचं त्यांनीच समजावलं: ब्यूटेनची वाफ ०° सेल्सिअसच्या आसपास होईनाशी होते, प्रोपेनची उणे ४२° पर्यंत होते. म्हणून सिलिंडर प्रोपेनचाच घेतला.

लिथियम बॅटरी ०° च्या खाली चार्ज करायची नाही, आधी ती उबदार करायची, हे बजावणाऱ्या ताईंमुळे माझी सर्वांत महागडी वस्तू सुरक्षित राहील. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, हे सांगून अलार्म स्वतः बसवून देणाऱ्या आजींचे उपकार तर फिटणारच नाहीत.

शेवटचा पगार, साठलेल्या रजा, विम्याची मुदत हे सगळं एका कागदावर मांडून, इंधनाआधी दुरुस्तीचे पैसे बाजूला काढायला लावणाऱ्या मित्रालाही धन्यवाद. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

आणि रोज संध्याकाळी माझ्या मेसेजची वाट पाहणार असलेल्या दादा, न मागता ही जबाबदारी घेतलीत. मेसेज चुकवणार नाही.