पेनड्राइव्ह विसरून गेलेल्या मुलीस

बेटा,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. मे महिन्यात नागपूरच्या महाल भागात, गांधी गेटजवळच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात तू प्रोजेक्टच्या प्रिंट काढायला आली होतीस. एकतीस पानं होती. कूलर घरघरत होता आणि मी डोकं धरून बसलो होतो.

आदल्या रात्री उबुंटू, म्हणजे माझ्या कम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम, २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर न्यायला घेतली आणि अर्ध्यात लाइन गेली. इन्व्हर्टरवर पंखा होता, ट्यूबलाइट होती, कम्प्युटर नव्हता. अशी माझी अक्कल! सकाळी मशीन सुरू झालं, पण काहीही इन्स्टॉल करायला गेलं की डीपीकेजीची स्टेटस फाइल वाचता येत नाही म्हणे. डीपीकेजी म्हणजे पॅकेजेस (प्रोग्राम, फॉन्ट वगैरे) बसवणारा प्रोग्राम, आणि ही फाइल त्याची नोंदवही. ऐन लग्नसराई, चार पत्रिका अडकलेल्या.

मी डीपीकेजीची लॉक फाइल, म्हणजे एका वेळी एकानंच नोंदी बदलाव्यात म्हणून असलेली कुलपाची फाइल, उडवणार होतो, कुणीतरी फोनवर तसंच सांगितलं होतं. "काका, थांबा," तू म्हणालीस. ती फाइल तिथे नेहमीच असते, कुलूप लावतो तो चालू प्रोग्राम, आणि इथे तर कुणी लावलेलंच नाही. मग कशालाही हात लावण्याआधी तू तो आख्खा डीपीकेजी फोल्डर तुझ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलास. मला तेव्हा तो वेळ वाया वाटला होता, आता कबूल करतो.

स्टेटस फाइल उघडल्यावर मी चकित झालो. मला वाटायचं आत काही गूढ असेल, तर साधा मजकूर! एकेका पॅकेजचं नाव, आवृत्ती, अवस्था. मधल्या काही ओळींत मात्र नुसता कचरा. माझ्या वडिलांचं इतवारीत किराणा दुकान होतं. एका पावसाळ्यात खतावणी भिजली, माल सगळा शाबूत, पण काय आहे नि काय नाही ते सांगता येईना. अगदी तेच.

शेजारीच स्टेटस-ओल्ड होती, आधीची प्रत. बॅकअप्स फोल्डरमध्येही रोजच्या प्रती असतात, पण त्या अपग्रेडच्या आधीच्या. त्या घातल्या तर वहीत जुन्या आवृत्त्या आणि डिस्कवर नव्या, म्हणून त्या तू राखीव ठेवल्यास. डीपीकेजीच्या लॉगमधल्या शेवटच्या नोंदी स्टेटस-ओल्डशी ताडून पाहिल्यास आणि तीच जागेवर बसवलीस.

पुढे अर्धवट बसलेली पॅकेजेस कॉन्फिगर करताना, म्हणजे त्यांचं राहिलेलं काम पुरं करताना, एका फॉन्टवर गाडं अडलं. त्याच्या फाइलींची यादी शेवटी तुटलेली. ती यादी बाजूला सरकवून ते पॅकेज पुन्हा घातलंस, तेवढ्यानं वाट मोकळी झाली. उरलेलं डाउनलोड होईपर्यंत दीड तास गेला. तुझा चहा दोनदा गार झाला.

पैसे घेतले नाहीस. वर प्रिंटचे बासष्ट रुपये मोजून ठेवलेस, माझं काही चाललं नाही. त्या चारही पत्रिका वेळेवर गेल्या. आता कम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, ट्यूबलाइट काढली.

तुझा तो निळा पेनड्राइव्ह गल्ल्यात आहे. त्यावरचा फोल्डर मी पुसलेला नाही. दुपारी दोन ते चार सोडून कधीही ये.

तुझा,
झेरॉक्सवाला काका