पबमधली मारामारी पुरे, विल्सन-फर्बरबद्दल लिहा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

कम्प्युटरच्या इतिहासावर पेपरात काही आलं की तेच ते, अमेरिकेतलं गॅरेज आणि जॉब्ज विरुद्ध गेट्स. त्याच काळात इंग्लंडमध्ये केंब्रिजला एकॉर्न आणि सिंक्लेअर या दोन कम्प्युटर कंपन्यांमध्ये जी जुंपली होती तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, लिहिलंच तर पबमधल्या मारामारीपुरतं.

तो किस्सा आधी सांगून मोकळा होतो. 1984 चा ख्रिसमस, घरगुती कम्प्युटरचं मार्केट थंड पडलेलं, अशात एकॉर्नच्या क्रिस करीने पेपरात जाहिरात दिली की सिंक्लेअरची मशिन्स किती बिघडून परत येतात बघा. सर क्लाइव्ह सिंक्लेअर असले भडकले की बॅरन ऑफ बीफ नावाच्या पबमध्ये करीला गाठलं आणि पेपरची गुंडाळी करून हाणली. आणि हा करी कोण, तर 1966 पासून सिंक्लेअरकडेच काम केलेला माणूस! 1978 मध्ये वेगळा झाला आणि हर्मन हाउझरबरोबर एकॉर्न काढली.

पण खरी मजा 1981 ची. बीबीसीला टीव्हीवरून लोकांना कम्प्युटर शिकवायचा होता, त्यासाठी मशिन हवं होतं, सिंक्लेअरचाही डोळा त्यावर होताच. हाउझरने एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोन इंजिनिअरांना वेगवेगळा फोन केला आणि प्रत्येकाला सांगितलं की दुसरा म्हणतोय आठवड्यात होईल, झालं, दोघं कामाला लागले, शुक्रवारी सकाळी बीबीसीची माणसं आली तेव्हा मशिन चालू! कंत्राट एकॉर्नला, आणि मशिनचं नाव बीबीसी मायक्रो.

सिंक्लेअरला कमी लेखत नाही हां. झेडएक्स81 हा कम्प्युटर त्याने किटमध्ये, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांत, 49.95 पौंडाला दिला, आत फक्त 4 चिप, मेमरी 1 के, म्हणजे 1 किलोबाइट. मेमरी वाढवायला मागे 16 के चा डबा खोचायचा आणि तो जरा हलला की तासभर टाइप केलेला प्रोग्रॅम गेला, पण गरिबाच्या पोराच्या हातात कम्प्युटर आला तो यानेच. 1982 मध्ये त्याचाच स्पेक्ट्रम 125 पौंडापासून मिळायचा, बीबीसी मायक्रोचं मॉडेल बी पुढे 399 ला गेलं.

शेवटी दोघंही बुडाले. 1985 मध्ये एकॉर्न इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीकडे गेली, 1986 मध्ये सिंक्लेअरचा कम्प्युटरचा धंदा इंग्लंडच्याच अ‍ॅमस्ट्रॅडने 50 लाख पौंडात उचलला. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ.

पण मधल्या काळात त्याच विल्सन-फर्बरने एक चिप बनवली, कम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, नाव एआरएम. 26 एप्रिल 1985 ला पहिल्यांदा चालू केली, किती करंट घेते म्हणून मीटर लावला तर शून्य! बघतात तर चिपला पॉवर जोडलेलीच नाही, बाकीच्या सर्किटमधून झिरपणाऱ्या करंटवरच चालतेय. आज तुमच्या-माझ्या मोबाइलमध्ये याच घराण्यातली चिप आहे आणि विल्सनचं नाव किती वाचकांना माहीत आहे सांगा?

तेव्हा एक विनंती. 1984-85 मध्ये भारत सरकारच्या शाळांत कम्प्युटर शिकवायच्या ‘क्लास’ नावाच्या प्रकल्पात हेच बीबीसी मायक्रो आपल्या शाळांमध्ये आले होते, त्यावर शिकवलेले सर-मॅडम आता रिटायर झाले असतील, रविवार पुरवणीत त्यांच्या आठवणी मागवा, आणि विल्सन-फर्बरवर एक पान द्या. पबचा किस्सा चौकटीत टाका हवं तर.

– आपला एक नियमित वाचक