रात्रीच्या वणव्याचे फोटो खात्याच्या दप्तरी घ्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यात राहणारा मुक्त छायाचित्रकार आहे. डोंगरावरचं गवत वाळलं की मेअखेरपर्यंत सह्याद्रीत लागणाऱ्या वणव्यांचे रात्रीचे फोटो काढतो आणि ते वर्तमानपत्रांना, वाहिन्यांना विकतो. विकतो हे सुरुवातीलाच सांगतो, कारण डोंगरावर आम्हाला सगळ्यात आधी विचारला जाणारा प्रश्न तोच असतो : "वणवा लागला की तुमचं बरंच आहे, नाही का?" विचारणारा बहुतेक वेळा वनरक्षक असतो. दुपारपासून ओल्या फांदीने आग झोडपून त्याचे डोळे लाल झालेले असतात आणि त्याच्यासमोर मी तिवई रोवून उभा असतो. त्याचा राग रास्त आहे. त्याच रागाचं उत्तर म्हणून आपल्याकडे एक मागणी करतो आहे.

मागणी अशी : वणव्याच्या रात्रीच्या फोटोंना आपल्या खात्याने अधिकृत नोंद म्हणून जागा द्यावी आणि हे फोटो काढणाऱ्यांवर लेखी बंधनं घालावीत. दोन्ही एकाच परिपत्रकात.

कारण सांगतो. वणव्याची खबर आज मुख्यतः उपग्रहावरून येते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून हे काम करते आणि ते मोलाचं आहे. वनरक्षकाच्या मोबाइलवर एसएमएस येतो, कोणाही नागरिकाला नोंदणी करून तो मिळवता येतो. पण ज्या सुओमी एनपीपी या अमेरिकी उपग्रहावर ही व्यवस्था मोठ्या प्रमाणात विसंबून आहे, तो आपल्या डोंगरांवरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे ३७५ मीटरचा चौकोन. मोडिस हे उपकरण असलेल्या दुसऱ्या उपग्रहांच्या फेऱ्या वेगळ्या वेळी होतात, पण त्याचा ठिपका एक किलोमीटरचा. आता आपल्याकडचा वणवा कसा असतो ते पाहा. दिवेलागणीला कोणीतरी काडी टाकतो. सड्यावरचं, उतारावरचं गवत दोन-तीन तासांत जळून जातं. धार बारीक असते, लांबच लांब असते, पण गवताला धग धरून ठेवता येत नाही. रात्री दीडला उपग्रह डोक्यावर येतो तेव्हा खाली गार पडलेली राख असते. अशा वणव्याचा ठिपका नकाशावर उमटतोच असं नाही, आणि जो उमटला नाही तो वर्षअखेरीच्या आकड्यांतही नसतो.

ही पोकळी संध्याकाळी सात ते रात्री अकराची. नेमके त्याच वेळी आम्ही समोरच्या डोंगरावर कॅमेरा लावून बसलेलो असतो.

रात्रीच्या फोटोतून जे कळतं ते दिवसा कळत नाही. दिवसा नुसता धूर दिसतो, आणि वारा असेल तर धूर एकीकडे नि आग दुसरीकडे. रात्री आगीची धारच समोर रेखलेली असते. वीस मिनिटांच्या अंतराने एकाच जागेवरून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले की धार कुठून कुठे सरकली ते कळतं, आणि ती रेघ मागे नेली की आग कुठे सुरू झाली असावी याचा अंदाज बांधता येतो. घाटरस्त्याच्या कडेने एकाच वेळी चार ठिकाणी आग दिसत असेल तर ती एका विडीच्या थोटकाची नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आग मालकीच्या डोंगरात सुरू होऊन वनहद्दीत शिरली की उलट झालं, हा वाद गावोगाव असतो. कोकणात तर बहुतांश डोंगर खासगी मालकीचा, तिथे आंबा-काजूची बाग जळालेला शेतकरी पंचनाम्यासाठी वणवण फिरतो आणि हातात दाखवायला काळी पडलेली खोडं सोडून काही नसतं. आग त्याच्या बागेत कोणत्या बाजूने आली हे दाखवणारा फोटो कदाचित पलीकडच्या डोंगरावरच्या एखाद्या कॅमेऱ्यात असतो. तो फोटो दुसऱ्या दिवशी "वणव्याचे रौद्र रूप" अशा ओळीखाली छापून येतो, गावाचं नावही नसतं, आणि विषय संपतो.

फोटो पोचला तरी कसा पोचतो? व्हॉट्सॲपवर. मी वनपालांना पाठवतो, ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पुढे पाठवतात, तिथून तो कुठल्यातरी गटात जातो. साधा फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार घटतो आणि फाइलच्या पोटातली वेळ, कॅमेऱ्याची माहिती, जागेचे अक्षांश-रेखांश, सगळं पुसलं जातं. म्हणजे पुरावा म्हणून जे कामाचं तेच वाटेत गळून पडतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात कशी मांडायची, तिच्यासोबत कोणतं प्रमाणपत्र लागतं, फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकाक्षरी ठसा) कसं नोंदवायचं, हे स्पष्ट दिलेलं आहे. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ राखीव वनात आग लावण्याला गुन्हा ठरवतं, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० अभयारण्यात. कायदा आहे, पुराव्याची रीतही आहे. मूळ फाइल स्वीकारणारी एक खिडकी तेवढी नाही. 'हॅलो फॉरेस्ट' या वनखात्याच्या मदतवाहिनीचा १९२६ हा क्रमांक आपल्याकडे आहेच. तिथे फोन केल्यावर तक्रार क्रमांकासोबत मूळ फाइल चढवण्याचा दुवा यावा, एवढंच मागणं आहे. मूळ फाइल आम्ही विनामूल्य देऊ, आणि छापायला देण्याआधी देऊ.

आता फोटोच्या दुसऱ्या बाजूबद्दल, कारण ती लपवून ही मागणी करणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. रात्रीचा फोटो डोळ्यांनी पाहिलेल्यापेक्षा भयंकर दिसतो. शटर वीस सेकंद उघडं ठेवलं की त्या वीस सेकंदांत धार जिथे जिथे गेली ते सगळं एकाच चित्रात भरतं. गुडघाभर ज्वाळा पुरुषभर वाटते. धुरावरचा तांबूस उजेड आभाळभर पसरतो. लांब पल्ल्याच्या लेन्सने दूरचा डोंगर जवळ ओढला जातो आणि दोन किलोमीटरवरची आग गावाच्या कौलांना भिडल्यासारखी दिसते. यात खोटं काही मिसळलेलं नसतं, तरी पाहणाऱ्याची फसगत होऊ शकते. म्हणून फोटोखाली ठिकाण, वेळ, किती सेकंदांचा फोटो आणि आगीपासूनचं अंतर या चार गोष्टी असायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. विकत घेणारे त्या छापत नाहीत. काही ठिकाणी तर मी पाठवलेल्या ओळी गाळून "लाखो वृक्ष खाक" असं लिहिलं गेलं. त्या उतारावर गवत, कारवी आणि चार-दोन करवंदीच्या जाळ्या होत्या.

त्यातून होणारं नुकसान आपल्या खात्याचंच आहे. मे २०२० मध्ये उत्तराखंडच्या वणव्याचे म्हणून जे फोटो देशभर फिरले त्यांत चिलीसारख्या दूरच्या देशातले जुने फोटो होते, आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना जाहीर खुलासा करावा लागला. २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या आगीबद्दल खुद्द फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जो फोटो टाकला, तो काढणारा छायाचित्रकार २००३ मध्येच वारलेला होता. खरे, तारीखवार, ठिकाणासह फोटो सरकारकडे असते तर खुलासा फोटोनेच करता आला असता. आज मात्र एक खोटा फोटो उघडा पडला की खऱ्या वणव्यावरचाही विश्वास उडतो, आणि "काही नाही हो, दरवर्षीचंच" म्हणणाऱ्यांना बळ मिळतं.

दरवर्षीचंच, हे खरंच आहे, आणि वाईट तेच आहे. जाळलं की गवत जोमाने येतं ही समजूत अजून गेलेली नाही. विदर्भात मोहफुलं वेचायला झाडाखाली साफ करताना, कुठे तेंदूच्या कोवळ्या पानांसाठी आग लावली जाते. सह्याद्रीत राब भाजताना उडालेली ठिणगी, मध काढणाऱ्याचा टेंभा, गडावर आलेल्यांची न विझवलेली चूल. आणि हे सगळं ज्या महिन्यांत होतं तेच जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचे महिने. टिटवी, रातवा, चंडोल यांची घरटी म्हणजे उघड्या मातीतला खळगा किंवा गवताचा आडोसा. रातवा तर अंड्यांवरून शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. वणव्यानंतरच्या सकाळी त्या काळ्या उतारावरून चाललं की काय सापडतं ते मी इथे लिहीत नाही. त्याचे फोटो माझ्याकडे आहेत. ते कोणी विकत घेत नाही. बाजाराला फक्त ज्वाळा हव्यात, म्हणूनच या नोंदी बाजारावर सोडू नका असं मी म्हणतो.

वनरक्षकांचेही फोटो विकले जात नाहीत. पाठीवर ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने आग मारणारं यंत्र, पायात साध्या चपला किंवा झिजलेले बूट, तोंडाला गमछा. हंगामी फायर वॉचरकडे, म्हणजे आगीवर लक्ष ठेवणाऱ्या रोजंदारीच्या माणसाकडे, अनेकदा ब्लोअरही नसतो. रात्री वारा पडतो, हवेत दमटपणा येतो, म्हणून आग आवरायला रात्र आणि पहाट बरी; पण तेव्हाच पायाखालचं दिसत नाही आणि मुळं जळाल्याने सुटलेले दगड वरून गडगडत येतात. जून २०२४ मध्ये अल्मोड्याच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चौघे जागीच होरपळून गेले. त्याआधी ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात अडकलेल्या ट्रेकरांपैकी वीसहून अधिक जण दगावले. त्यातले बहुतेक तरुण होते आणि आग डोंगर चढताना किती वेग घेते याची त्यांना कल्पना नव्हती. फोटोसाठी धारेच्या वरच्या बाजूला उभं राहणाऱ्या कोणाचीही हीच गत होईल. आणि हल्ली असे पुष्कळ जण येऊ लागले आहेत, मोबाइल घेऊन, रील करायला. मे २०२४ मध्ये चमोली जिल्ह्यात समाजमाध्यमावरच्या व्हिडिओपायी जंगलात आग लावल्याच्या आरोपावरून तीन तरुणांना अटक झाली. वनरक्षकाने माझ्याकडे संशयाने पाहावं याला एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणून बंधनं मागतो. वनहद्दीत शिरायचं तर आधी १९२६ वर किंवा वनपालांना खबर, कॅमेरा नंतर. आगीच्या वरच्या उतारावर जायचं नाही, जळून गेलेली काळी जमीन पाठीशी ठेवूनच उभं राहायचं, आणि मनुष्यबळ कमी असेल तर कॅमेरा ठेवून फांदी हातात घ्यायची. भारतीय वन अधिनियमाचं कलम ७९ जंगलात हक्क असलेल्या गावकऱ्यावर वणव्याची खबर देण्याचं आणि तो विझवायला मदत करण्याचं कर्तव्य टाकतं. जंगलाच्या आगीचा फोटो विकणाऱ्यावर ते का नसावं? ड्रोन अजिबात नको. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादईच्या परिसरात आग विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकत होती. अशा आभाळात एक भरकटलेलं ड्रोन काय करील ते सांगायला नको. जो हे मोडील त्याची नोंदणी रद्द करावी, त्याने आग लावल्याचं दिसलं तर गुन्हा दाखल करावा, आणि त्याचे फोटो घेणाऱ्या माध्यमाला तसं कळवावं.

आणि जो पाळील त्याला जाऊ द्यावं. सध्या रात्रीच्या वेळी कोणाला कुठवर जाता येईल हे त्या वेळी समोर असलेल्या माणसाच्या मनावर असतं. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद वन्यजीव अधिनियमाच्या कलम २८ मध्ये आहे, पण तिचा विचार सफारीच्या अंगाने होतो. अर्ज करून मंजुरी येईपर्यंत वणवा थांबत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्याने आगीमुळे लोकांना बंद केलेल्या भागात अधिकृत पत्रकारांना जाण्याची मुभा दिली आहे. तिथले छायाचित्रकार अग्निरोधक कपडे घालून जातात. आपल्याकडे लगेच तेवढं व्हावं असं मी म्हणत नाही. हंगामाआधी प्रत्येक वनविभागाने एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवावं, ते केलेल्यांना त्या हंगामापुरतं ओळखपत्र द्यावं, त्यावर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचा क्रमांक असावा. खर्च नाममात्र आहे.

एक गोष्ट पैशांबद्दल. आम्ही दिलेले फोटो खात्याने तपासाला, पंचनाम्याला, प्रशिक्षणाला मोकळेपणाने वापरावेत. पण कार्यालयातून ते फोटो पत्रकारांच्या गटांत जातात आणि नावाशिवाय छापले जातात, हे थांबवावं. कॉपीराइट अधिनियम १९५७ प्रमाणे स्वतंत्रपणे काढलेल्या फोटोची मालकी तो काढणाऱ्याची असते. तालुक्याच्या गावात राहून हे काम करणाऱ्या पोरांना त्या फोटोच्या पैशांतून पेट्रोल सुटतं, एवढाच हा धंदा आहे. तेही बुडालं तर ती पोरं लग्नाच्या ऑर्डरी घेतील आणि डोंगराकडे कोणी पाहणार नाही.

खात्याचा अग्निहंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनपर्यंत चालतो. परिपत्रक त्याआधी निघालं तर याच हंगामात कामाला लागता येईल. एकदम राज्यभर नको असेल तर सातारा आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत करून पाहावं : एका बाजूला कासचा, कोयनेचा संरक्षित भाग, दुसऱ्या बाजूला खासगी डोंगर आणि बागा. जूननंतर आमचे फोटो आणि उपग्रहाचे ठिपके एकाच नकाशावर मांडावेत आणि तो नकाशा बीटवार, म्हणजे एकेका वनरक्षकाच्या हद्दीनुसार, लोकांसमोर ठेवावा. किती वणवे उपग्रहाच्या नजरेतून सुटले ते त्यावरून कळेल. माझ्या मागच्या हंगामांच्या मूळ फाइली, तारीख-वेळेसकट, मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. कोणाकडे द्यायच्या तेवढं कळवावं.

आपला,
सातारा जिल्ह्यातील एक मुक्त छायाचित्रकार