सूचना : गॅसच्या जागेत बुटांवरचे खिळ्यांचे पट्टे नकोत

सर्व सभासदांना नमस्कार,

बर्फावर पाय घसरू नये म्हणून आपल्यापैकी बरेच जण बुटांवर खिळ्यांचे किंवा साखळीचे पट्टे चढवतात. बाहेर ते वापरायलाच हवेत. मात्र ज्वलनशील गॅस असू शकेल अशा कुठल्याही जागी ते घालून जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

काँक्रीटवर टाच जरा फरफटली की खिळ्याच्या टोकाखाली बारीक ठिणगी उडू शकते. भर उजेडात ती दिसत नाही, म्हणून 'माझ्या बुटातून कधी उडाली नाही' यावर विसंबू नका. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के असला की पेटू शकतो आणि त्याला सुमारे 0.3 मिलिज्यूल, म्हणजे अगदी नगण्य, ऊर्जा पुरते. हायड्रोजनला तर 0.02 मिलिज्यूलच. प्रोपेन हवेपेक्षा जड, त्यामुळे तो खड्ड्यात, जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका आपल्या पावलांपाशी. टोकं टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाची असली तरी धोका टळत नाही.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साचू न देणाऱ्या) बुटाखाली रबरी पट्टा आला की अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरायची वाट अडू शकते.

पट्टे गॅसच्या हद्दीबाहेरच काढा, तेही नीट बसून. घाईत एका पायावर उभं राहून पडायला होतं. आत बर्फ असेल तर आधी वाळू टाकून घ्या. पट्टे पायात असतानाच गॅस डिटेक्टर वाजला, तर पाय न घासता, उचलून टाकत बाहेर या.