क्वालोयाच्या आजींना, स्वेटरबद्दल

आजी,

तुमच्या घरी राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत की मला नावानेच हाक मारा, नॉर्वेत सगळे एकमेकांना नावानेच बोलावतात, पण सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, आणि आई तर तुम्हाला पहिल्या चहापासून "अहो ताई" म्हणत होती. तुम्हीही त्या ताईला ओ देत होतात म्हणा. तर आजीच. मुद्दाम मराठीत लिहितेय, कारण इंग्लिशमध्ये माझं थँक यू दोन ओळींत संपतं आणि मला दोन ओळींत संपवायचं नाहीये. तुम्ही फोनवर ट्रान्सलेट करून वाचालच, त्यात काय काय होईल देव जाणे.

आमची बॅग आली नाही तिथून सुरू करते. उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि बाहेर रात्र, बेल्ट फिरून फिरून थांबला, एअरलाइनच्या काउंटरवाल्याने फॉर्म दिला आणि उद्या येईल म्हणाला. ते उद्या पाच दिवस चाललं. बुकिंग करणाऱ्याने "सगळं इन्क्लुडेड आहे" असं सांगितलं होतं, त्यात बॅग हरवली तर काय हे नव्हतं. आईच्या अंगावर सलवार कमीज, वर पुण्यातलं जॅकेट जे महाबळेश्वरला पुरतं, आणि पायात स्पोर्ट्स शूज. पुलावरून टॅक्सी तुमच्या क्वालोया बेटावर आली आणि तुमच्या दारातल्या बर्फावर आई पहिल्याच पावलाला घसरली, तुम्ही आतून धावत आलात ते हातात खिळ्यांचे रबरी पट्टे घेऊनच. बुटांवर चढवायचे ते ब्रॉडर. ओळखपाळख नंतर, आधी तुम्ही खाली बसून आईच्या बुटांना ते चढवलेत. आई इतकी ओशाळली, म्हणे अगं त्या माझ्या पायाशी कशाला बसल्या.

मग तुम्ही आमचे थर्मल बघायला मागितले. अंगावर होता तेवढा एकच जोड. बोटांच्या चिमटीत धरून म्हणालात, कॉटन. ज्या आवाजात माझी आजी "मैदा" म्हणायची ना, त्याच आवाजात. कॉटन घामाने ओलं झालं की अंगाला गार पडतं, लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हे मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येईल. आणि तुम्ही कपाट उघडलंत. तुमच्या मिस्टरांचं कपाट. ते जाऊन किती वर्षं झाली हे मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. लोकरीच्या विजारी, दोन-दोन जोड मोजे, आणि आईसाठी तो निळा-पांढरा स्वेटर, कोपरावर करड्या लोकरीने रफू केलेला, लाकडाचा धूर आणि थोडा माशाचा वास येणारा. आई पक्की शाकाहारी. एक शब्द बोलली नाही, बाह्या दोनदा दुमडून घातला आणि पाच दिवस काढला नाही.

व्हेल बघायला जायच्या सकाळी तुम्ही सहाला उठून थर्मास भरलात. ते काळ्या मनुकांसारख्या आंबट फळाचं गरम लाल सरबत, आई पहिल्या घोटाला म्हणाली, हे तर आपलं कोकम! आणि ते कडक कुरकुरीत ब्रेड कागदात बांधून दिलेत, बोट लागली तर हेच चावायचं, आत बसायचं नाही, मागे उघड्यावर उभं राहायचं आणि लांब डोंगराच्या रेषेकडे बघायचं. शेर्वोय गावापर्यंत तीन-साडेतीन तास बोट, अर्ध्या वाटेत आतले निम्मे लोक कागदी पिशव्या घेऊन बसले होते आणि माझी बासष्ट वर्षांची आई बाहेर ब्रेड कुरतडत उभी.

सूर्य तर उगवतच नाही तिकडे, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पण मला वाटलं होतं तसा मिट्ट काळोखही नाही. दुपारी अकरा-बाराला दक्षिणेकडे गुलाबी आणि बाकी सगळं निळं, डोंगर निळे, बर्फ निळा, लोकांचे चेहरे निळे. त्या निळ्यात आधी ऐकू आलं. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फुसफुसते ना, तसं, पण घराएवढ्या कुकरची. हंपबॅक, कुबडवाला मोठा व्हेल. आणि मग ऑर्का, काळे-पांढरे शिकारी व्हेल, सात-आठ जणांचं कुटुंब, त्यातल्या नराचा पाठीवरचा पंख माझ्याहून उंच. हेरिंग मासे थंडीत त्या फ्योर्डमध्ये, डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, येऊन राहतात म्हणून हे सगळे मागोमाग येतात, ऑर्का माशांचा गोळा करून शेपटीचा फटका देतात आणि बधिर झालेले मासे एकेक करून खातात, हे गाइड सांगत होता आणि समोर ते चाललंच होतं. वारा आमच्याकडे वळला तेव्हा हंपबॅकच्या श्वासाचा वास आला, सडक्या मासळीबाजाराचा. आईने नाक स्वेटरमध्ये खुपसलं. तोही माशाचाच, पण म्हणे हा घरचा आहे.

ऑरोराचं, त्या आकाशातल्या हिरव्या उजेडाचं, मात्र अवघड होतं. एक रात्र पैसे भरून मिनीबसने फिनलंडच्या बॉर्डरपर्यंत गेलो, किनाऱ्यावर ढग असले की गाड्या आत, कोरड्या हवेकडे पळतात, तिथे उणे बावीस. दिसलं ते राखाडी-हिरवट पुसट काहीतरी, कॅमेऱ्यात हिरवं, डोळ्याला धूर. आई म्हणाली छान आहे. आई कुणाकडे जेवायला गेल्यावर म्हणते तसं.

आणि शेवटच्या रात्री आमच्या ॲपवर केपी २, म्हणजे ऑरोराचा जोर कमीच, म्हणून आम्ही आशा सोडून, भरायला बॅगही नव्हती, तशाच झोपलो. तुम्ही आधी बजावलं होतंत की ॲप बघू नका, ढग बघा, आपण ऑरोराच्या पट्ट्याच्या खालीच राहतो. पावणेबाराला दारावर तुमची थाप. बाहेर आलो तर तुम्ही अंगणातला दिवा बंद केलेला, आणि खिडकीतला तो चांदणीचा दिवासुद्धा, जो आईने आल्याआल्या "आकाशकंदील लावलाय बघ" म्हणून ओळखला होता. शेडच्या छपरामागून हिरवी पट्टी निघाली, आधी सरळ, मग कुणी धुतलेली साडी झटकावी तशी सळसळत आमच्या डोक्यावर आली, खालच्या काठाला क्षणभर गुलाबी. आवाज काहीच नाही. मला उगाच वाटत होतं आवाज यायला हवा. मी फोन काढला तर तुम्ही माझा हात धरून खाली केलात. एकही फोटो नाही माझ्याकडे. ऑफिसमध्ये सगळ्यांना फिनलंडचा धूर दाखवतेय.

आई रडत होती आणि तुम्ही तिच्या स्वेटरची कॉलर वर करत होतात. ती मराठीत काहीतरी बोलली, बाबांबद्दल. तुम्ही नॉर्वेजियनमध्ये काहीतरी बोललात. मी कुणाचंच ट्रान्सलेट केलं नाही.

बॅग दुसऱ्या दिवशी सापडली, तुम्हाला मेसेज केला होता, एअरपोर्टवर चेक-इन करताना. तशीच परत आली, कॉटनसकट.

कपडे धुऊन देते म्हटलं तर तुम्ही ते हातातून ओढून घेऊन बाहेर गार वाऱ्यावर टांगलेत, लोकर धूत नाहीत, हवा देतात. म्हणून एक कबूल करायचं राहिलं. स्वेटरच्या उजव्या मनगटाशी दोन टाके निसटले होते. आईने आदल्या दुपारी, तुम्ही दुकानात गेलेल्या असताना, तुमच्या टोपलीतली लाल लोकर न विचारता घेऊन ते विणून टाकलेत. निळ्यावर लाल, लपणार नाहीच. मी तिला म्हटलं निळी घे की, तर म्हणाली, त्यांच्या करड्या रफूशेजारी माझंही दिसू दे.

उसवू नका. तूसेन ताक्क, हजार वेळा थँक यू, आजी.